आयता टोन

आमच्याकडे पेण-अलिबाग पट्ट्यात कुठल्याही की-बोर्डाला कॅसिओच म्हणतात, मग त्यावर यामाहा लिहिलेलं असो की रोलँड. माझा चुलतभाऊ बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवतो. हळद, वरात, गणपती, सगळीकडे. दोन वर्षांपूर्वी एका हळदीला शेजारशेजारच्या दोन अंगणांत दोन पार्ट्या होत्या. आमची पार्टी दम खायला थांबली, पलीकडची सुरू झाली, आणि बराच वेळ कुणाला कळलंच नाही की वाजवणारे बदललेत. तीच शहनाई, तीच पुंगी, तोच ब्रास. दोघांकडे एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं मशीन. रात्री टेम्पोत सामान चढवताना दादा म्हणाला, "तू त्या ॲपवर काय काय करत असतोस ना, त्यात आपला टोन बनतो का रे?"

बनतो, असं मी ठोकून दिलं. मला तो बनवता येत नव्हता. ॲप मात्र माझ्याकडे होतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मूग आणि कॉर्ग या सिंथेसायझर बनवणाऱ्या दोन जुन्या कंपन्यांनी आपलं एकेक ॲप काही दिवसांसाठी फुकट केलं होतं. मूगचं होतं 'मिनीमूग मॉडेल डी', म्हणजे १९७० साली आलेल्या त्याच नावाच्या वाद्याची आयफोन-आयपॅडसाठी केलेली प्रतिकृती. माझा फोन अँड्रॉइड, म्हणून ताईच्या जुन्या आयपॅडवर ते उतरवून घेतलं. पुढे लिहितोय ते या ॲपबद्दल. किती स्टार द्यायचे हा प्रश्न नाही. हे ॲप माणसाला शिकू देतं का, आणि देत नसेल तर नेमकं कुठे अडवतं, एवढंच मला पाहायचंय.

उघडलं की लाकडी चौकटीतलं काळं पॅनल समोर येतं. आणि त्याच्याबरोबर प्रीसेटची, म्हणजे तयार आवाजांची, दीडशेहून लांब यादी. मी पहिली कितीतरी महिने फक्त ही यादी खाली सरकवत काढली. रील बघतात तसं. एक आवाज, दोन सूर, छान आहे, पुढचा. प्रत्येक वेळी पॅनलवरची सगळी बटणं टुणकन आपापल्या नव्या जागी जाऊन बसायची. म्हणजे तो आवाज कसा बनला याचं उत्तर दर वेळी डोळ्यांसमोर मांडलेलं असायचं, आणि मी त्याकडे बघतही नव्हतो.

गंमत अशी की मूळ मिनीमूगमध्ये प्रीसेट हा प्रकारच नव्हता. त्याला स्मरणशक्ती नव्हती. चांगला आवाज सापडला तर कुठलं बटण कुठे आहे ते कागदावर उतरवून ठेवायचं, नाहीतर तो गेला. आवाज साठवून ठेवायची सोय नीट आली ती १९७८ च्या प्रॉफेट-५ बरोबर. त्यात ४० आवाज राहायचे. मग १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स ७ आला. त्याच्या पॅनलवरून फिरवायची बटणं जवळपास नाहीशीच झाली. दाबायच्या सपाट कळा, एक सरकपट्टी, छोटासा पडदा. त्यातून नवा आवाज बनवणं इतकं किचकट होतं की बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवरच राहिले आणि त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत एकच इलेक्ट्रिक पियानो वाजत राहिला. दादाचं मशीन याच वळणाचं आहे. टोन निवडायचा असतो, तो बनवता येतो हे त्या मशीनकडे बघून कुणाच्या मनातही येणार नाही.

मिनीमूगचं ॲप या बाबतीत दुटप्पी आहे. पॅनल जुनं, बनवायला लावणारं. दार मात्र नवं, निवडायला लावणारं. मी दादाला शब्द दिल्यावर यादी बंद केली आणि सगळी बटणं शून्यावर आणली. अर्थातच काही वाजेना.

पॅनलवर डावीकडून उजवीकडे पाच विभाग आहेत: कंट्रोलर्स, ऑसिलेटर बँक, मिक्सर, मॉडिफायर्स, आउटपुट. आवाज डाव्या बाजूला जन्मतो, मधे मिसळतो, पुढे तासला जातो आणि उजवीकडून बाहेर पडतो. मेन्यू नाही, दुसरं पान नाही, लपवलेलं काही नाही. हे ॲप मला आवडतं ते मुख्यतः या मांडणीमुळे, आणि ती मांडणी ॲपवाल्यांची नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांची आहे. पण ती न बिघडवता तशीच ठेवली याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

ऑसिलेटर तीन. प्रत्येकाला रेंजचं एक बटण आणि त्यावर ३२, १६, ८, ४, २ असे आकडे, शेजारी फुटाची खूण. आवाजाला फूट कुठून आले? ते पाइप ऑर्गनवरून आलेत. नळी जितकी लांब तितका सूर खाली. आकडा निम्मा झाला की आवाज एक सप्तक वर. हे मला काकांच्या पेटीवरून लगेच कळलं. काका, म्हणजे दादाचे वडील, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या पेटीत खर्ज, नर आणि मादी असे तीन सूर एका पट्टीखाली बसवलेत, एकमेकांपासून एकेक सप्तकावर. १६, ८, ४ हेच ते. तीन ऑसिलेटर तसे लावले आणि मिक्सरमध्ये उघडले तर आवाज पेटीसारखा येत नाही, पण भरणा तसाच येतो.

इथे माझी एक फजिती झाली. पहिला ऑसिलेटर ३२ वर लावला आणि तळाच्या पट्ट्या दाबल्या तर नुसती टकटक. ॲप बिघडलं म्हणून मी ते काढून पुन्हा टाकलं. बिघडलं काहीच नव्हतं. त्या पट्ट्यांचा सूर ५० हर्ट्झच्याही खाली असतो आणि टॅबलेटचा किंवा फोनचा चिमुकला स्पीकर तो काढूच शकत नाही. वायरचा इअरफोन लावल्यावर कानशिलं थरथरली. (ब्लूटूथवाला लावू नका. बोट टेकल्यावर सूर यायला जो उशीर होतो त्यात शिकण्यातला सगळा जीव जातो.)

लहरींचे आकार हे या विभागातलं दुसरं बटण. करवतीसारख्या लहरीत मूळ सुराचे सगळे पट असतात, म्हणून ती खरखरीत, तेजदार. चौकोनी लहरीत फक्त विषम पट, म्हणून ती पोकळ, नळीतून आल्यासारखी. हे वाचून कळत नाही, पण एक पट्टी दाबून ठेवून बटण फिरवलं की दहा सेकंदांत कळतं आणि मग विसरत नाही. दुसरा ऑसिलेटर पहिल्यापेक्षा किंचित बेसूर केला तर आवाज डुलायला लागतो. एक ४४० वर आणि दुसरा ४४१ वर असेल तर सेकंदाला बरोबर एक झोका. मी त्यावर एक अख्खी दुपार घालवली. काही बनवलं नाही, नुसता झोके मोजत बसलो.

मग फिल्टर. मिनीमूगची सगळी ख्याती याच्यावर उभी आहे. बॉब मूग यांना या फिल्टरचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. कटऑफचं बटण जिथे ठेवाल त्याच्या वरचे सूर तो कापत जातो, आणि कापतो ते चांगलंच: एक सप्तक वर गेलं की लहरीची उंची सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. व्हिडिओंमध्ये याची पुष्कळ गुंतागुंतीची चित्रं असतात. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे एका सुरात 'ऊ' म्हणा आणि सूर न बदलता हळूहळू तोंड उघडत 'आ' वर या. गळा तोच काम करत होता, बदललं फक्त तोंड. गळा म्हणजे ऑसिलेटर, तोंड म्हणजे फिल्टर. शेजारचं एम्फसिसचं बटण कापलेल्या कडेवरच्या सुरांना उचलून धरतं. टोकाला नेलं तर फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवायला लागतो. बाकी जग याला रेझोनन्स म्हणतं, इथे एम्फसिस लिहिलंय, आणि व्हिडिओत रेझोनन्स ऐकून पॅनलवर तो शब्द शोधणाऱ्याला ॲप काही मदत करत नाही.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. खऱ्या वाद्यावर एक हात पट्ट्यांवर असतो, दुसरा कटऑफवर, आणि डोळे कुठेही असतात. मिटलेले असले तरी चालतात. बटणाची जागा हाताला पाठ होते. काचेवरचं बटण हाताला लागतच नाही. बोट घसरून शेजारच्या बटणावर जातं, किंवा ज्या खुणेकडे बघायचंय तीच बोटाखाली झाकली जाते. मग तुम्ही ऐकायचं सोडून बघायला लागता. लाकडाचे दोरे रंगवलेत, स्क्रू रंगवलेत, बटणाच्या कडेवरची चमक रंगवली आहे. वाद्य दिसतं कसं याची नक्कल पूर्ण झाली, आणि ते हातात कसं वागतं त्याची राहून गेली. शिकणाऱ्याला दुसरी जास्त हवी होती. कटऑफसाठी पडद्याची एक अख्खी उभी पट्टी दिली असती, जिच्यावर न बघता अंगठा वर-खाली करता आला असता, तर मी लाकडाचे सगळे दोरे सोडून दिले असते.

एन्व्हलपमध्ये तर मी सपशेल चुकलो होतो. सूर कसा उठतो, कसा उतरतो, कुठे टिकतो आणि बोट काढल्यावर कसा विझतो, त्याची ही चार नावं सगळीकडे एका दमात सांगतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. चारही वेळेचीच मापं असणार, असं मी धरून चाललो. सस्टेन म्हणजे सूर किती वेळ टिकेल, इंग्रजी शब्दावरून दुसरं काय वाटणार? पण वेळ मोजणारी तीनच. सस्टेन म्हणजे पातळी: बोट दाबलेलं असेपर्यंत आवाज कितीवर उभा राहील. हे कळलं ते टाळ आणि पेटी शेजारी ठेवून विचार केल्यावर. टाळ वाजला की आवाज एकदम शिखरावर जातो आणि तिथून उतरतच राहतो. अटॅक शून्य, डिके लांब, सस्टेन शून्य. पेटीला भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर सूर तिथेच, सस्टेन पूर्ण. खर्जाचा सूर बोलायला किंचित वेळ घेतो तो अटॅक. या दोन वाद्यांवर माझं जे काम झालं ते चार व्हिडिओंनी झालं नव्हतं.

बरं, चार नावं पाठ करून मिनीमूगकडे यावं तर तिथे बटणं तीनच. रिलीजचं नाहीच! मी एक अख्खी संध्याकाळ ते शोधत होतो. मूळ वाद्यात त्याऐवजी एक खटका आहे, डिके नावाचा, आणि तो एन्व्हलपच्या आसपासही नाही, पार डावीकडे चाकांजवळ आहे. तो चालू केला की बोट काढल्यावरही सूर डिकेइतकाच वेळ घेऊन विझतो. ॲपनेही तसंच ठेवलंय. ही निष्ठा मला मान्य आहे. पण प्रीसेट आणले, अर्पेजिएटर आणला, लूपर आणला, मूळ वाद्य एका वेळी एकच सूर काढायचं त्याला चार सूर काढायला शिकवलं. इतकी ढवळाढवळ करताना बटणावर बोट ठेवून धरलं की दोन ओळींची माहिती येईल, एवढी सोय केली असती तर कोणती निष्ठा भंगली असती?

याच्या उलट टोकाला एबलटन या कंपनीचं 'लर्निंग सिंथ्स' हे संकेतस्थळ आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे अँड्रॉइडवाल्यांनाही उघडं. तिथे नावं मागून येतात. आधी एक चौकोन, त्यात बोट फिरवा आणि काय बदललं ते ऐका. एन्व्हलपची रेष समोर काढलेली, तिचा कोपरा ओढायचा. सस्टेनची माझी चूक तिथे झालीच नसती. शिकवणं म्हणून ते मिनीमूगच्या कितीतरी पुढे आहे आणि तुम्ही शून्यापासून सुरू करत असाल तर आधी तिथे जा. तरी मी तिथे रमलो नाही. धडा संपला की वाद्यही संपतं. मिनीमूगवर मी अडलो, चिडलो, पण जे सापडलं ते घेऊन दादाकडे जाता आलं.

दादाला हवी होती पुंगी. आता पुंगी म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही वरातीत एकच आवाज डोक्यात येतो, १९५४ च्या 'नागिन' सिनेमातला. संगीत हेमंतकुमार यांचं. पण ती पुंगी पुंगी नाहीच. ती क्लॅव्हिओलिन आहे, कल्याणजींनी वाजवलेली. सोबत रवी यांची हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन म्हणजे १९४७ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेलं विजेवरचं छोटं वाद्य, सिंथेसायझरचं मागच्या पिढीतलं नातेवाईक. ज्याच्यावर रस्त्यात माणसं फणा काढून लोळतात तो आवाज मुळातच कळा आणि खटके लावून शोधलेला आहे. दादाच्या मशीनमधली पुंगी त्या ओळखीच्या आवाजाची आणखी एक नक्कल. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तेव्हा त्यांनी बनवला, आणि आता आपण दाबतो." मी या लेखासाठी महिनाभर खपून जे म्हणू पाहत होतो ते त्याने टेम्पोला टेकून म्हणून टाकलं.

मी केलेली पुंगी अशी: पहिल्या ऑसिलेटरवर अरुंद आयताकृती लहर, ८ फुटांवर. दुसरा चौकोनी, ४ वर, बारीक. कटऑफ अर्ध्याच्या थोडा वर, एम्फसिस निम्मं म्हणजे नाकातला आवाज येतो. सस्टेन पूर्ण. ग्लाइड अगदी थोडा, सुरावरून सुरावर घसरायला. मींड त्याने होत नाही. ग्लाइड दर वेळी एकाच चालीने जातो, आणि मींड कुठे रेंगाळेल ते गाणारा ठरवतो.

उरला तिसरा ऑसिलेटर, आणि त्याने मला कोंडीत धरलं. मिनीमूगवर सूर थरथरवायचा तर हाच तिसरा कामाला लावावा लागतो: रेंज 'लो' वर आणायची, पट्ट्यांपासून त्याला तोडायचं, मिक्सरमधून बंद करायचं, ऑसिलेटर मॉड्युलेशनचा खटका चालू करायचा, मिश्रणाचं बटण त्याच्याकडे वळवायचं आणि शेवटी चाक वर करायचं. एका थरथरीसाठी सहा ठिकाणी हात. डावीकडून उजवीकडे वाचत जायच्या त्या सुंदर मांडणीचं इथे भजं होतं. पण खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात, एकीवर चाल आणि दुसरीवर सतत एकच सूर. पट्ट्यांपासून तोडलेला तिसरा ऑसिलेटर तो कायमचा सूरही धरू शकतो. मात्र दोन्ही कामं एकदम नाही. थरथर की आस? मी आस घेतली. थरथर दादा बोटाने चाकावर काढेल म्हटलं.

तालमीला आयपॅड दादाच्या मशीनला वायरने जोडला. काका खाटेवर बसून ऐकत होते. दादाने पाच-सहा सुरांतच मान हलवली. आवाज सिनेमातल्यासारखा नव्हता, त्याहून राकट होता, आणि मागे तो एक सूर घुमत होता. "नाव दे, पुंगी दोन," दादा म्हणाला. काकांनी फक्त विचारलं की मागचा सूर पट्टी बदलल्यावर कसा हलवायचा. मी बटण दाखवलं. त्यावर आकडे आहेत, पण ते अंदाजाचे, मिळवायचं कानानेच. काकांनी डोळे मिटून बोट फिरवायला घेतलं, तानपुऱ्याच्या खुंटीवर हात असतो तसं. बोट घसरलं आणि दुसराच ऑसिलेटर हलला. तीनदा असं झाल्यावर त्यांनी डोळे उघडून ते काम केलं. सूर अचूक लागला, पण त्यांना त्यात मजा आली नाही हे दिसत होतं.

पुढच्या हळदीत दोन गाणी पुंगी दोनवर झाली. तिसऱ्याला गायकाने पट्टी बदलली, हॅलोजनच्या उजेडात, घामेजल्या बोटाने दादाला ते बटण सापडलं नाही, आस बेसूर झाली आणि मधेच तो जुन्या टोनवर गेला. नाचणाऱ्यांना काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्याचा फोन. तिसऱ्याचं ते बटण नक्की कुठलं, एवढंच त्याला हवं होतं. ताई चिडली आहे, कारण तिच्या आयपॅडच्या काचेवर आता त्या बटणाच्या डाव्या कडेला कापडी चिकटपट्टीचा एक जाड तुकडा लावलेला आहे. बोट त्याला टेकवायचं आणि तिथून वर सरकवायचं. काका म्हणाले, आणखी एक कटऑफच्या बाजूला लाव.